मशीनचं चालणार न्हाई

मस्तगडात फवारणी पंप दुरुस्त करणारे ते गृहस्थ आमच्या मोसंबीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन. काम करताना वायसर दातात धरून बोलतात, त्यामुळे अर्धं वाक्य तोंडातच राहतं. एआयकडून लिहून घेतलेलं ग्रुपवर चालणार नाही, हा नियम त्यांचाच. फळगळीवर कोणी गुळगुळीत सल्ला टाकला की विचारायचे, "सोताच्या झाडाला करून पाह्यलं का?" उत्तर आलं नाही की पोस्ट उडवायचे. लोक चिडायचे.

मागच्या महिन्यात त्यांचा भाऊ गेला. आमच्या सगळ्यांच्या बागेत छाटणीला येणारा माणूस. त्यांनी ग्रुपवर त्याचा फोटो टाकला. तेरावं झाल्यावर मी दुकानात गेलो, तेव्हा ते त्या फोटोखाली आलेल्या श्रद्धांजल्या वाचत होते. सगळ्या एकाच साच्यातल्या. एकीत तर 'येथे दिवंगत व्यक्तीचे नाव लिहा' तसंच राहिलं होतं.

"एवढ्या राहू द्या," मी म्हणालो.

"नियम सगळ्याला..." ते अंगठ्यानं एकेक उडवत गेले. शेवटी नुसता फोटो उरला.

त्यांनी दातातला वायसर काढून हातात घेतला आणि पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले.

"म्हंजे खरं भेटायला कोणीच आलं न्हवतं."