परक्या घरी उघडलेला डबा

माझ्या नातीने कॉम्प्युटरची नोकरी सोडली आणि म्हाताऱ्या बायकांना परदेश फिरवून आणायचं काम काढलं, तेव्हा मी तिला म्हटलं, "आम्हाला देवळापर्यंत न्यायला रिक्षावाले कुरकुरतात. तू वाळवंटात नेणार?"

ती म्हणाली, "पहिली तूच चल."

मी गेले. यात प्रेमाबिमाचा भाग नव्हता. गाडीत तीन बायकांची जागा होती आणि तिला दोनच मिळाल्या होत्या.

यशवंतपुरात आमचं दोरे-बटणांचं दुकान आहे. ते चालवतो माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप. त्याने तिला अट घातली, "एक सहल करून बघ. बायका खूश होऊन आल्या, त्यांनी आणखी चौघींना सांगितलं, तर पुढे बोलू. नाही तर मुकाट्याने परत नोकरी." ती हो म्हणाली. मी मध्ये पडले नाही. बापाला काळजी होती आणि पोरीला हौस होती, दोघांचंही खरं होतं.

त्या दोन बायका म्हणजे आमच्याच शहरातल्या, बसवनगुडीच्या सख्ख्या बहिणी. थोरली शाळेत हेडबाई होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी तिच्यासमोर अजून हाताची घडी घालून उभं राहावंसं वाटतं. सगळे तिला टीचर म्हणतात, धाकटी बहीणसुद्धा. त्यांच्या भजनी मंडळात पुष्कळ बायका, सगळ्यांची मुलं परदेशात, सगळ्यांकडे वेळ. तिथे टीचर बोलेल ते प्रमाण. म्हणजे माझ्या नातीचं पुढे काय होणार ते या एका बाईच्या तोंडावर होतं.

मी चौथी शिकलेली. मोरोक्को कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. नातीने नकाशावर बोट ठेवलं, मी म्हटलं, सरी, म्हणजे बरं.

देवनहळ्ळीच्या विमानतळावर आम्ही तिघींनी एकमेकींच्या पिशव्या बघितल्या आणि हसलो. तिघींकडे डबे. माझ्याकडे मेथीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं. त्यांच्याकडे कोडबळी, चकल्या आणि पोह्यांचा चिवडा. आमच्यात घराबाहेर पडताना डबा घेणं म्हणजे पायात चप्पल घालण्यासारखं आहे, त्याचा कोणी विचार करत नाही. माझी आई सांगायची, आपल्यासाठी दुसऱ्याच्या घरची चूल पेटू नये. हेच मी मुलाला शिकवलं आणि मुलाने नातीला. ती मात्र सुटसुटीत आली होती. पाठीवर एक पिशवी, बस्स.

तिथला गाडीवाला त्याच डोंगरातला होता. बाहेरचे लोक त्यांना बर्बर म्हणतात, ते स्वतःला अमाझिग म्हणवतात, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्याला हिंदी सिनेमाची गाणी यायची, अर्थ यायचा नाही. दुःखाचं गाणं तो टाळ्या वाजवत म्हणायचा. डोंगर लाल आणि बोडके. रस्ता रीळ हातातून सुटून गडगडत गेल्यासारखा. टीचरला ओकारी आली तेव्हा त्याने गाडी थांबवली, पाणी दिलं, आणि तिने "थँक यू" म्हणेपर्यंत पाठ करून उभा राहिला. माणूस चांगला होता.

वाळवंटाला जाण्याआधी डोंगरातल्या एका गावात त्याच्या आईच्या घरी जेवायचं, असं नातीने ठरवलं होतं. हॉटेलात कुणीही नेतं, ती म्हणायची, मला घर दाखवायचंय.

घर मातीचं, बाहेर अक्रोडाचं झाड. आई माझ्याच वयाची असेल. तिच्या हनुवटीवर गोंदलेलं होतं. माझ्याही हनुवटीवर तीन ठिपके आहेत, लहानपणी जत्रेत गोंदवलेले. तिने आधी माझ्या हनुवटीला बोट लावलं, मग स्वतःच्या. मग आम्हाला गालिच्यावर बसवलं, चहा दिला, बदाम आणि पाव ठेवला. आम्ही चहा घेतला. बदाम-पावाला हात लावला नाही. समोर ठेवलं की लगेच उचलायचं नाही, अशी आमची रीत. आग्रह झाला की घ्यायचं. तिने आग्रह केला असेल, पण आम्हाला भाषा कुठे कळत होती?

शुक्रवार होता. गाडीवाला मशिदीत गेला होता, तो आल्यावर जेवण. नात गच्चीवर गेली होती, कारण त्या गावात फोन गच्चीवरच लागतो आणि तिला वाळवंटातल्या तंबूवाल्याशी बोलायचं होतं. वेळ जात होता. टीचरने साखरेच्या आजाराची गोळी घेतली होती, तिच्यावर लगेच खावं लागतं.

ती म्हणाली, "अहो, तुमचा डबा काढा की. त्या बिचारीला आणखी त्रास कशाला?"

धाकटी म्हणाली, "शिवाय आत मटण शिजतंय. वास येतोय."

मी डबा उघडला. त्यांच्या बुटक्या मेजावर आम्ही कागद पसरला, दशम्या मांडल्या, चटणी मांडली, कोडबळी मांडली. चांगलं चाललं होतं. तेवढ्यात ती आई दोन्ही हातांत भली मोठी परात घेऊन आली. परातीत सांज्यासारखं काहीतरी, वर गाजर, कोबी, भोपळा नीट रचलेला. ती आमच्याकडे बघत उभी राहिली. मी हसून दशमी पुढे केली. "या, तुम्ही पण घ्या."

तिने डब्याकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, आणि परात घेऊन आत गेली.

आम्हाला वाटलं, चमचे आणायला गेली.

गाडीवाला आला. आत त्याचा आवाज ऐकू आला, आईचा नाही. मग तो बाहेर गेला आणि आमच्याकडे न बघता अक्रोडाखाली बसला. नात गच्चीवरून उतरली, त्याच्याशी बोलली. आत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तो म्हणतोय, यांना माझ्या आईच्या हातचं चालत नाही तर माझी गाडी कशी चालेल? दुसऱ्याला बोलावतो, तो तुम्हाला शहरात परत सोडेल. वाळवंट नाही."

टीचर म्हणाली, "म्हणजे? आम्ही केलं काय?"

"त्या बाई पहाटेपासून रांधतायत. तुम्ही दोघी मटण खात नाही म्हणून सगळं दोनदा केलंय, वेगळ्या भांड्यांत. मी परवाच सांगून ठेवलं होतं. आणि आपण त्यांच्याच मेजावर घरचा डबा उघडला. अज्जी, डबा बंद कर."

मी म्हटलं, "अगं, आपली पद्धत..."

"पद्धत यशवंतपुरात. बंद कर."

लग्नानंतर मला असं फक्त सासूने ऐकवलं होतं, आणि ती जाऊन जमाना झाला. मी डबा बंद केला.

टीचरने केला नाही. "मी गोळी घेतलीय. मला काही झालं तर कोण जबाबदार?"

"मी. तुमच्या गोळीची वेळ त्यांना सांगितली होती. म्हणून पाव आधी ठेवला. तो तुम्ही खाल्ला नाही."

"हे बघ मुली, आम्ही पैसे भरलेत."

मला वाटलं, आता नात नमेल. मी असते तर नमले असते. समोर बसलेल्या बाईच्या एका शब्दावर तिचं सगळं होतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

ती म्हणाली, "भरलेत, टीचर. डोंगर दाखवायचे, वाळवंट दाखवायचं, सुखरूप घरी पोचवायचं, त्याचे भरलेत. कुणाच्या आईला दुखवायचे नाही भरलेत. कागद उचला. हात धुवून या."

धाकटी ताडकन उठली आणि कागद गोळा करायला लागली. टीचर बसून राहिली, तोंड लाल झालेलं. मग तीही उठली.

नात मला हाताला धरून चुलीपाशी घेऊन गेली. ती बाई बुटक्या स्टुलावर बसली होती, परातीवर फडकं झाकलेलं. नातीने छातीवर हात ठेवला आणि त्यांच्या भाषेतले शिकून आलेले चार शब्द बोलली. बाई चुलीकडेच बघत राहिली. मग मी काय करणार? खाली बसले, फडकं बाजूला केलं आणि हाताने घास घेऊन खाल्ला. मिठाला चोख होतं. दुसरा घास घेतला. तिने माझ्या मनगटावर चापट मारली. मला वाटलं, झालं, आता घराबाहेर काढते. तिने शेजारच्या दुसऱ्या भांड्यातला मटणाचा तुकडा उचलला आणि माझ्या पुढ्यात सरकवला.

मग तिने माझ्या काखेतला डबा काढून घेतला. दशमीला चटणी लावून खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, खोकला लागला, खोकता खोकता तिने मुलाला हाक मारली आणि त्यालाही एक घास भरवला. तो चूळ भरायला पळाला. परत आला तेव्हा हसत होता. डबा तिने फळीवर ठेवून दिला. जाड स्टीलचा होता, चांगला. तो तिथेच राहिला. मी मागितला नाही.

आम्ही वाळवंटाला गेलो. वाळूच्या टेकडीवर न्यायला उंट आणले होते. मी म्हटलं, मला एकदाच उचलून न्यायचंय, तेही चौघांनी, उंटाला कशाला त्रास. मी चालत चढले. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. गुडघ्यांनी शिव्या घातल्या. वर पोचले तर चारी बाजूंना नुसती वाळू, आणि सावल्या इतक्या रेखीव की कात्रीने कापल्यासारख्या. नात माझ्याशेजारी बसली.

"अज्जी, टीचर माझ्याशी बोलत नाहीत. गेलं बहुतेक सगळं."

"गेलं तर गेलं. नोकऱ्या काय, मिळतात."

"तू दिलासा देतेयस की काय?"

"मला येत नाही तो. तू बरोबर वागलीस, एवढं सांगते. मी पाहिलंय."

मला तिचा अभिमान वाटत होता, तो मी यापेक्षा जास्त बोलून दाखवला नाही. इथे लिहिते: मी सगळं आयुष्य गिऱ्हाईक म्हणेल त्याला मान डोलावली. गिऱ्हाईक म्हणालं निळा दोरा हिरवा आहे, तर हो, हिरवाच. या पोरीने डोलावली नाही, आणि गिऱ्हाइकाला सोडलंही नाही. उरलेले सगळे दिवस टीचरच्या गोळीच्या वेळेला तिच्यापुढे ताट असायचं. टीचर ताट घ्यायची, बोलायची नाही.

परतल्यावर देवनहळ्ळीला टीचर टॅक्सीत बसली आणि निरोप न घेता गेली. धाकटीने खिडकीतून हात हलवला. मुलाने घरी विचारलं, "काय झालं?" नातीने सगळं सांगितलं, काही न लपवता. तो म्हणाला, "मग आता अर्ज टाकायला लाग." तिने टाकले.

टीचरने भजनी मंडळात सांगितलं. एकदा नाही, दर भजनाला. मुलगी उद्धट आहे, मला परक्याच्या घरी दटावलं, कागद उचलायला लावला, हात धुवायला पाठवलं. हे सगळं आम्हाला कळलं ते फोन यायला लागले तेव्हा.

पहिली बाई म्हणाली, "टीचरला हात धुवायला पाठवलं ती तूच का गं? आम्हाला इतक्या वर्षांत जमलं नाही. आम्ही चौघी आहोत. नेशील?"

दुसरी म्हणाली, "माझा मुलगा एकटीला सोडत नाही. त्याला सांगितलं, ती कुणाला भीत नाही, म्हणजे मला सांभाळून आणेल. तो स्वल्प विचार करून हो म्हणाला."

धाकटीने पुन्हा नाव दिलं. टीचरने अजून दिलेलं नाही. नातीने तिची जागा राखून ठेवली आहे, का ते मला विचारू नका.

परवा दुकानात एक जुना शिंपी आला होता. मी मागच्या खोलीत बटणं निवडत होते. त्याने माझ्या मुलाला विचारलं, "अण्णा, मुलगी काय करते हल्ली? कॉम्प्युटरच ना?"

मुलाने हातातल्या कात्रीने दोरा कापला. मग म्हणाला, "नाही. म्हाताऱ्यांना वाळवंटात नेते." आणि कात्री टेबलावर जरा जोरातच ठेवली. "ऐकत नाही कुणाचं. माणसं तिकडे परक्या घरी जेवून येतात."