माफ न करणाऱ्या अक्का

अक्का कुणावर सहसा रागावत नसत. पण एकदा धरलेला राग सोडतही नसत. "न मागता पाणी द्यावं, माफी नाही," असं त्या म्हणायच्या.

धुळ्यातल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या त्या विधवा बहीण. त्यांच्या हवेलीच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू होतो. माझी आई लवकर गेली आणि अक्कांनी कुणाला न विचारता मला आपली लेक मानलं. स्वतःची एकादशी असली तरी माझ्यासाठी गरम भाकरी थापायच्या. हंगामात कापसाचे हमाल ओट्यावर टेकत. अक्का त्यांच्याशी अहिराणीतच बोलत. घरच्यांना ते कमीपणाचं वाटे.

अक्का आहेत तोवर हवेलीला हात लावायचा नाही, असं वचन भावाने मरताना मुलाकडून घेतलं होतं. पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी या भाच्याने त्यांना जळगावला आणलं आणि तिथे मेहरूण भागात, लग्नानंतर मी राहत होते त्या घरी ठेवलं. धुळीचा त्रास होईल, महिनाभर इथेच राहू दे, म्हणाला. मलाही ती काळजीच वाटली.

महिन्याने मी त्यांना धुळ्याला नेलं. हवेलीच्या जागी मातीचा ढीग होता आणि त्यावर जेसीबी. अक्का रडल्या नाहीत. नक्षीचा दरवाजा कुठे गेला, एवढंच विचारलं. तो कुण्या हॉटेलवाल्याने नेला होता.

"आता चांगलं दिसायला लागलं गं मला," त्या म्हणाल्या आणि माझ्याबरोबर परत आल्या, त्या कायमच्या.

तिथे दुकानांची इमारत झाली. उद्घाटनाला घरचं वडीलधारं माणूस हवं, म्हणून भाचा गाडी घेऊन आला. अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून निघाल्या, मीही सोबत गेले. माइक पुढे आला तेव्हा पाहुण्यांकडे पाठ करून त्या रस्त्यावरच्या हमालांकडे वळल्या.

"आठे मनं घर व्हतं," इथे माझं घर होतं, असं अहिराणीत म्हणाल्या, आणि भाच्याने बापाला दिलेल्या वचनासकट सगळी हकिगत सांगून टाकली. समई न लावताच खाली उतरल्या. परतताना एसटीत त्या स्वतःशीच हसत होत्या. त्यानंतर बाजारात भाच्याच्या शब्दावर कुणी विसंबेना.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. अग्नी मीच द्यायचा, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. स्मशानात भाचा आला आणि त्याने मडक्याला हात घातला. रक्ताचं नातं आहे, देऊ द्या, असं चार जण म्हणाले. त्याचे डोळे भरून आले होते.

"अक्का नको म्हणाल्यात," मी सांगितलं आणि मडकं सोडलं नाही.

पुढे अस्थी मागायला त्याने माणूस पाठवला. मी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं.