पडद्यावरची नदी

माझं शुद्धलेखन कच्चं, अक्षरही वाईट. कुणी वाचलंच तर माफ करावं. शाळा चौथीतच सुटली.

मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर गेम अडकायचा. "आई, नुसतं ग्राफिक्स कार्ड बदललं की चित्र स्पष्ट दिसतं," म्हणाला. मी भिशीतला माझा नंबर आधी लावून घेतला आणि त्या पैशातून त्याला वापरलेलं कार्ड आणून दिलं. आता पडद्यावर नदी वाहते, तळाचे गोटेसुद्धा दिसतात. माझ्या माहेरची नदी अशीच होती. न राहवून मी बोट लावलं.

"हात नको लावू गं, डाग पडतात."

चार घरची भांडी घासणारा हात मी पदरात पुसला. नदी स्पष्ट दिसायला कार्ड मिळतं. शेजारी उभी आई दिसायला काय बदलावं लागतं, कोण जाणे.

आज भिशीचा शेवटचा हप्ता भरला. बायका म्हणाल्या, "सुटलीस बाई." पैसे तेवढे फिटले.