काकांची पोच

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. मला ओळखणारे हे वाचून हसतील. या पम्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि हा म्हणे गुपित ठेवून बसला होता! शिवाय ही गोष्ट त्यांनी ऐकलेली आहे, एकदा नाही, दहादा. इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्सच्या गणपतीत ऐकली, दिवाळीच्या फराळाला ऐकली, संक्रांतीला तर एका वहिनींनी तिळगूळ हातात ठेवायच्या आधीच फर्माईश केली — ‘ते कॅलेचं सांगा ना!’

मी सांगितलं. माझ्या त्या गोष्टीत तीन अधिकारी आहेत, दोन कुत्रे आहेत आणि दिवाळीपासून एक हेलिकॉप्टरही आहे. खरं सांगू? अधिकारी एकच होती. कुत्रा होता, पण मागच्या गाडीतल्या डच कुटुंबाचा, आणि तो झोपला होता. हेलिकॉप्टर — जाऊ द्या.

पण या फुशारक्यांची कबुली द्यायला मी बसलेलो नाही. त्यांची मला लाज नाही. त्या गोष्टीत एक खोटं असं आहे की जे मी कधीच फुगवून सांगितलं नाही. अगदी साधं, सरळ, खऱ्यासारखं सांगितलं. म्हणूनच ते कुणाला खोटं वाटलं नाही.

आधी काका कोण ते सांगतो. दिनकरकाका म्हणजे माझा मित्र सुधीर याचे वडील. नागपूरला पोस्टमास्तर होते. मी आर्वीकडचा, इंजिनिअरिंगला होस्टेलवर राहायचो, आणि चार वर्षं दर रविवारी काकांच्या घरी जेवलो. नुसता जेवलो नाही — काकू भाकरी थापत असायच्या आणि मी तव्यावरूनच पळवायचो. माझ्या पहिल्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा काका ड्यूटी संपवून, भर उन्हाळ्यात, स्वतः सायकलवर होस्टेलला घेऊन आले. मी धावत गेलो, हात पुढे केला. काकांनी पत्र मागे घेतलं. ‘आधी सही कर,’ म्हणाले. ‘रजिस्टर्ड आहे बापू.’ घामाने डबडबलेला माणूस, पण पोच घेतल्याशिवाय पत्र देणार नाही! तो कागद हातात पडला म्हणून मी आज इथे आहे — हे घर, ही गाडी, या गावातली ही एकशेतीस राउंडअबाउट्स, म्हणजे वाहतुकीची गोल बेटं, सगळं त्या सहीच्या पुढचं आहे.

पुढे काकू गेल्या. त्याआधीची तीन वर्षं त्यांना काही आठवत नव्हतं. शेवटी शेवटी तर काकांनाच विचारायच्या, ‘तुम्ही कोणाकडे आलात?’ मग सुधीर काकांना न्यू जर्सीला घेऊन गेला. तिथे त्यांनी अमेरिकन पासपोर्ट घेतला. पण घरातल्या सगळ्यांचे कागद तेच सांभाळायचे — निळ्या प्लास्टिकच्या फाइलीत, प्रत्येकाचा वेगळा कप्पा, प्रत्येक गोष्टीची प्रिंट. आपलं डोकं काकूंच्या वाटेनं जात नाही ना, हे ते बहुतेक त्या फाइलीवरूनच रोज तपासून बघत असावेत. हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

सुधीरची मुलगी सई नॉटिंगहॅमला डॉक्टर झाली. पदवीदान समारंभ. आजोबांनी यायलाच हवं. आणि मी — माझं तोंड आवरेल तर मी कसला? मी म्हटलं, सरळ लंडनला काय उतरता, पॅरिसला उतरा! मी गाडी घेऊन येतो, काकांना युरोप दाखवत रस्त्याने आणतो. सुधीर तयार झाला. त्याची बायको आमच्या आधी थेट सईकडे येणार होती.

आता नियम असा. आपल्या भारतीय पासपोर्टला इथे यायला व्हिसा लागतो. अमेरिकन पासपोर्टला लागत नाही. पण हल्ली निघण्याआधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते — ईटीए. विमानाने या, बोटीने या, स्वतःच्या गाडीने या, ती लागतेच. फोनवरचं काम, दहा मिनिटांचं. सुधीरने स्वतःचं आणि बायकोचं करून टाकलं. काकांचंही करणार होता, तर मीच आडवा पडलो. ‘काकांचं मी करणार. तेवढा मान मला दे.’

मनापासून म्हणालो होतो हो.

बसलो एका रविवारी. काकांचा फोटो टाकला, तो चष्म्यातला होता. ॲपने घेतला नाही. म्हटलं, उद्या बिनचष्म्याचा मागवू. तो उद्या काही आला नाही. मी चक्क विसरलो.

आठवड्याने काकांचा फोन. ‘काहून रे प्रमोद, माझी पोच नाही आली अजून?’ सुधीरला मंजुरीचा ईमेल आला होता, सुनेला आला होता, निळ्या फाइलीत दोन प्रिंटा लागल्या होत्या, तिसरा कप्पा रिकामा. काय बोलावं मी? ‘विसरलो काका, आत्ता करतो’ — चार शब्द. दहा मिनिटांचं काम. पण काकांसमोर मी विसरलो म्हणायचं? ज्यांनी माझं पत्र उन्हातून आणलं त्यांचा कागद मी ठेवून दिला म्हणायचं? मी म्हटलं, भरला की, येईल.

आणि फोन ठेवून पुन्हा विसरलो!

निघायच्या दोन दिवस आधी दुसरा फोन. तोच प्रश्न. तेव्हा मी गाडी चालवत होतो, त्यामुळे तर मला जास्तच सुचलं. ‘काका, केव्हाच आली असेल ती. तुमच्याकडून चुकून डिलीट झाली असेल. आणि आपण रस्त्याने येतोय — विमानवाल्यांची भानगड आहे ती, रस्त्यावर कोण बसलंय विचारायला!’ पलीकडून फाइलीचे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, ‘माझ्याच हातून उडाली असेल मग.’ मी म्हटलं, हो, होतं असं.

रस्त्यावर कोण बसलंय? कॅलेला, बोटीवर गाडी चढवायच्या आधीच, फ्रान्सच्या जमिनीवर ब्रिटनची खिडकी आहे. तिथे बसल्या होत्या एक बाई. पॅरिसपासून गाणी म्हणत आलो होतो आम्ही, काकांनी वाटेत फ्रेंच पोस्टाच्या पिवळ्या पेट्या मोजल्या होत्या. मी ऐटीत तीन पासपोर्ट पुढे केले. माझा झाला. सुधीरचा झाला. मग बाई म्हणाल्या, या गृहस्थांच्या नावावर परवानगी दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला समारंभ. आमची बोट तासाभरात. सुधीर माझ्याकडे बघायला लागला — ‘पम्या, तू केलं होतंस ना?’

हेच ते. इथपर्यंत येण्यासाठी मी तुम्हाला आर्वी ते कॅले फिरवलं. अजून दोन चकरा मारल्या असत्या. राउंडअबाउटच्या गावात राहतो, बाहेर पडायचा रस्ता दिसत असून गोल गोल फिरता येतं मला.

मी मागे वळलो आणि म्हणालो, ‘काका, मी लिंक पाठवली होती ना? शेवटचं बटण फक्त तुम्हाला दाबायचं होतं. विसरलात ना?’ कसली लिंक? कसलं बटण? आणि एवढ्यावर थांबलो नाही. खिडकीकडे तोंड करून, इंग्रजीत, आवाज खाली आणून, म्हणालो — त्यांचं असं होतं हल्ली. वय झालं. त्यांच्या पत्नीलाही तोच त्रास होता.

काकांना इंग्रजी उत्तम येतं.

त्यांनी मांडीवरची निळी फाइल उघडली. रिकाम्या कप्प्यात बोट घालून बघितलं. मग म्हणाले, ‘हो. विसरलो असेन.’ आणि त्या बाईंना इंग्रजीत म्हणाले, ‘चूक माझी आहे.’

बाई भल्या होत्या. देव त्यांचं कल्याण करो. त्यांनी आम्हाला परत पाठवलं नाही. गाडी बाजूला लावा, आत्ता अर्ज करा, मंजूर झाला की या, म्हणाल्या. बाहेर वारा इतका की माझ्या गोष्टीत त्याने दोन ट्रक उलटतात. खरोखरीही तो बराच होता. काकांना त्यांनी आत खुर्ची दिली, पाणी दिलं. मी फोन धरला. काकांनी चष्मा काढला. चेहरा त्या चौकटीत बसेना, तर काकांनीच माझं मनगट धरून स्थिर केलं. ‘घाबरू नको बापू,’ म्हणाले. ‘होईल.’

पाऊण तासाने मंजुरी आली. आमची बोट गेली होती, पुढची मिळाली. दुसऱ्या दिवशी काळ्या गाउनमधली सई स्टेजवर चालत गेली आणि काका एवढ्या टाळ्या पिटत होते की पुढच्या रांगेतल्या इंग्रज आजी मागे वळून बघून हसल्या. हे झालं. हे मी घालवलं नाही, याबद्दल मी रोज कुणाचे तरी आभार मानतो — त्या बाईंचे, उशिरा सुटणाऱ्या बोटींचे.

समारंभानंतर कार पार्कमध्ये काकांनी निळी फाइल सुधीरच्या हातात दिली. ‘आता हे तू सांभाळ.’ सुधीर म्हणाला, अहो बाबा, एवढ्याशा गोष्टीवरून काय! काका म्हणाले, नाही, सांभाळ. मी तीन फुटांवर उभा होतो. गाडीची किल्ली शोधतोय असं दाखवत होतो. किल्ली माझ्या हातातच होती.

मग सुधीरकडून थोडं थोडं कळत गेलं. काका आता बँकेत एकटे जात नाहीत. गॅस बंद केला का, हे चारदा बघतात. सुधीरने त्यांना डॉक्टरकडे नेलं, सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत, या वयात इतकी तल्लख स्मरणशक्ती बघितली नाही. घरी येताना काका म्हणाले, ‘डॉक्टरला काय माहीत कॅलेला काय झालं ते.’

मला माहीत होतं. आणि त्याच महिन्यात मी गणपतीत, माइक हातात घेऊन, काका बटण कसे विसरले याची नक्कल करून दाखवली. व्हिडिओ कॉलवर काका होते. तेही हसले. वर म्हणाले, ‘प्रमोद होता म्हणून मी सईला गाउनमध्ये बघितलं.’

त्यांना कॅलेलाच कळलं होतं का? मला झाकायला ते ‘विसरलो असेन’ म्हणाले, की खरंच तसं मानून बसले? वर्षभर मी हे दोन्ही बाजूंनी उलटून बघितलंय. पहिलं खरं असेल तर त्यांच्या उपकारांत आणखी एकाची भर पडली. दुसरं खरं असेल तर — काय केलं मी?

काल काकांना पत्र लिहिलं. फोनवर बोललो असतो तर त्यात हेलिकॉप्टर आलं असतं. कागदावर चार ओळी मावल्या: काका, तुम्ही विसरला नव्हता. मी अर्ज भरलाच नव्हता. लिंक नव्हती, बटण नव्हतं. तुम्ही दोनदा पोच मागितली होती, आणि दोन्ही वेळा तुमचंच बरोबर होतं.

पत्र अजून वाटेत आहे. म्हणजे तुम्हालाच आधी कळलं.

पोस्टाच्या काउंटरवर बाईंनी विचारलं, पोचल्याची सही घ्यायची का? मी नको म्हणालो.