रेडिएटरमधली हळद

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या थोरल्या आक्काचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. नगरला हॉस्टेलवर राहून मी बी.एस्सी. केलं, ती तीन वर्षं आक्का तिच्या सासरहून, काष्टीजवळच्या वाडीवरून, रोज सकाळच्या एसटीत माझा डबा ठेवायची. कंडक्टर बदलले, ड्रायव्हर बदलले, डबा चुकला नाही. तिची स्वतःची शाळा मात्र नववीतच सुटली होती. आई आजारी पडली आणि घर तिच्या अंगावर आलं.

दोन वर्षांपूर्वी, चाळिशी उलटल्यावर, तिने जाहीर केलं की बाहेरून दहावीला बसायचं. कुणीतरी विचारलं, "आता नोकरी करायची का काय?"

"नोकरी कशाला? राह्यलंय ते पुरं करायचंय," ती म्हणाली.

परीक्षेचं केंद्र श्रीगोंद्याला आलं. दाजी म्हणाले, मी मोटारसायकलवर सोडतो. मी ऐकलं नाही. नगरच्या एका कंपनीत माझी नोकरी स्थिरावली होती आणि मी नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. आक्काला प्रत्येक पेपरला मीच गाडीने नेणार, असं मी सगळ्यांसमोर सांगून बसलो.

गाडी चांगली होती. फक्त रोज सकाळी तिच्या पुढच्या भागाखाली हिरवट पाण्याचं एक छोटं थारोळं दिसायचं. रेडिएटर गळत होता, हे मला कळलं. मिस्त्रीकडे जायला हवं, हेही कळलं. पण शेजारी एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर राहतात. ते म्हणाले, "अहो, एवढ्यासाठी मिस्त्री? चमचाभर हळद टाका. आम्ही हळदीवर घाट चढलोय."

मी चमचाभर हळद टाकली आणि गळती खरोखरच थांबली. विज्ञानाचा पदवीधर असल्याने त्याचं कारणही मी स्वतःला समजावून सांगितलं: बारीक कण फटीत जाऊन बसतात. मग गणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी, आक्काकडे मुक्कामाला पोचल्यावर, खबरदारी म्हणून मी अख्खी वाटी टाकली. चमच्याने एवढं काम होतं तर वाटीने किती होईल, हा माझा हिशोब.

सकाळी आक्का नवं इरकल नेसून, हातात पट्टी-कंपासची पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसली. हातावर दही-साखर पडली, वाडीतल्या बायका फाटकापर्यंत आल्या. साडेदहाला वर्गात हजर राहायचं होतं. उशीर झाला तर आत घेत नाहीत आणि गणित गेलं तर पुन्हा जुलैची वाट पाहायची. आम्ही भरपूर वेळ हातात ठेवून निघालो होतो.

ऊसतोडीचा हंगाम होता. काष्टी सोडली आणि आम्ही दोन ट्रेलरवाल्या उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. पुढे जायला जागा नाही, गाडी रांगतेय, आणि तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकायला लागला. मी एसी बंद केला. काटा थांबेना. मग कुठेतरी वाचलेलं आठवलं, की हीटर लावला तर इंजिनची उष्णता आत येते आणि इंजिनला थोडा आराम मिळतो. मार्चच्या उन्हात मी हीटर लावला.

आक्का सूत्रं पुटपुटत होती, ती थांबली. "आरं, हे गरम वारं कुठून येतंय?"

"इंजिनला बरं वाटावं म्हणून."

"आनि मला?"

काटा लाल खुणेच्या जवळ आला. आता थांबायला हवं होतं, हे मला माहीत होतं. पण श्रीगोंदा तर इथेच आहे, जाऊ रेटून, असं वाटलं. आक्काने माझ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे.

"त्यो लाल म्हंजे काय?"

"म्हणजे... थांबायचं."

"मग थांब की! वाट कुनाची बघतोस?"

थांबलो. बॉनेटमधून वाफ निघत होती. मी हातावर फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायला गेलो, तोच आक्का ओरडली, "हात लावू नगं! कुकरची वाफ जायच्या आत झाकन काढतो का कुनी? एवढं शिकून हेच शिकला व्हय?"

मी हात मागे घेतला. घड्याळात पावणेदहा झाले होते. मी गाडीकडे बघत उभा, तर आक्का रस्त्यावर जाऊन उभी राहिली. दुधाचा एक टेम्पो आला. तिने पिशवीसकट हात वर केला.

"दादा, श्रीगोंदा. धाव्वीचा पेपर हाय."

ड्रायव्हरने आमच्या गाडीकडे पाहिलं. "पोरगी कुठाय?"

"मीच ती पोरगी. चल लवकर!"

तो हसतच दार उघडायला लागला. आक्का चढली आणि वरून मला म्हणाली, "तू उन्हात नको उभा राहू. झाडाखाली बस." परीक्षेला ती निघाली होती आणि काळजी माझी करत होती.

दाजींना फोन केला. त्यांच्या ओळखीचे काष्टीचे मिस्त्री दोन तासांनी आले. मला मात्र गाडीपेक्षा केंद्राचं गेट दिसत होतं. मिस्त्रींनी इंजिन थंड झाल्याची खात्री केली, खालचा पाइप सोडला. आतून घट्ट पिवळा लगदा पडला.

त्यांनी बोट लावून पाहिलं. "साहेब, पिठलं छान जमलंय. मिरची राहिली."

"हळद टाकली होती."

"किती?"

"वाटीभर."

मिस्त्रींनी बोट फडक्याला पुसलं. मग म्हणाले, "शिक्षण किती झालंय?" मी सांगितलं. "मग बरोबर," ते म्हणाले, "कमी शिकलेला माणूस चमच्यावर थांबतो."

दुपारी आक्काचा फोन आला. दहा वाजून वीस मिनिटांनी ती गेटात होती. पेपर पुरा लिहिला होता, एक गणित सोडून. मी माफी मागायला लागलो, तर तिने थांबवलं. "फोनवर तू लई बोलतोस. गाडीला काय झाल्तं, पुन्यांदा काय करशील, ते कागदावर लिहून पाठव. पटलं तर विज्ञानाच्या पेपरला बसीन गाडीत."

मध्ये बरेच दिवस होते. मी त्याच रात्री लिहून सकाळी पोस्टात टाकलं. ते पत्र असं:

तीर्थस्वरूप आक्का,

तू मागितलेला खुलासा लिहितो आहे. रेडिएटर म्हणजे इंजिनचं पाणी थंड करणारी जाळी. तिच्या नळ्या बारीक असतात. मी टाकलेल्या हळदीने भोकही बुजलं आणि नळ्याही बुजल्या. मिस्त्रींनी जाळी नवी बसवली आहे.

त्यांच्याकडून एवढं शिकलो. गाडी थंड असताना कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं ते हिरवट पाणी, पाहणं, टायरची हवा पाहणं, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी पुसणं, हे मी घरी करू शकतो. पण खाली पाणी किंवा तेल सांडलेलं दिसलं, ब्रेक दाबताना करकर आली, स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं, तर त्याच दिवशी मिस्त्रीकडे जायचं. काटा लाल झाला तर आहे तिथे थांबायचं. वेळ कितीही कमी असो.

खरं सांगायचं तर मला हे सगळं आधीच थोडंफार माहीत होतं. मिस्त्रीकडे गेलो नाही, कारण गाडीवाला भाऊ म्हणून तुझ्यासमोर मिरवायचं होतं, आणि गाडी गॅरेजात आहे असं सांगायला लाज वाटत होती. त्या लाजेपायी तुझा पेपर जाणार होता. तो वाचला तो तुझ्यामुळे.

विज्ञानाच्या पेपरच्या आदल्या दिवशी संध्याकाळी येतो. मिस्त्री गाडी तपासून देतील, तरी सकाळी तू स्वतः खाली वाकून बघ. जमीन कोरडी दिसली तरच बस. ओली दिसली तर मी तुझ्यासोबत एसटीने येईन आणि तुझा पेपर होईपर्यंत गेटाबाहेर थांबेन.

तुझा धाकटा भाऊ