फाळक्यावरची थाप

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवत आलो. आमचं घर ख्रिस्ती, रविवारी उपासनेला जाणारं. आणि मी पेशानं ड्रायव्हर. गाडीत काही वाजलं तर नट ढिला असतो, भूत नसतं, एवढंच माझं तत्त्वज्ञान. या सदरात मी कधी लिहीन असं कुणी म्हटलं असतं तर मीच आधी हसलो असतो... पण आता वय झालंय, आणि ही एक गोष्ट माझ्याबरोबर जाऊ नये असं वाटतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा काळ. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या अलीकडे मिशनचा एक लहान दवाखाना होता, त्याची गाडी मी चालवायचो. पुढून जीप, मागं पत्र्याची बंद खोली. मागचं दार दोन भागांचं – वरचा काचेचा भाग वर उचलायचा, खालचा फळीसारखा खाली सोडायचा. त्या खालच्या भागाला आम्ही फाळका म्हणायचो. दवाखान्यात नर्स एकच, सिस्टर रूथ. म्हणजे माझी बायको. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. एरवी अवघड पेशंट आला की आम्ही दोघं त्याला दौंडच्या मोठ्या दवाखान्यात पोचवायचो.

माझ्या आणि मागच्या खोलीच्या मध्ये पत्रा होता. पेशंटचं डोकं माझ्या बाजूला, त्याच्या उशाशी नातेवाईक, आणि पायथ्याशी, फाळक्याला टेकून, रूथ. ओरडून सांगितलं की नातेवाईक घाबरतात, म्हणून तिनं फाळक्यावर थापा मारायची पद्धत काढली होती. भराभर थापा म्हणजे जोरात घ्या. दोन म्हणजे थांबा. आणि एकच, तळहाताची, जड थाप... म्हणजे आता घाई नको. पेशंट गेला.

त्या शेवटच्या थापेवरून मी तिच्याशी वाद घातला होता. "अगं, लपवायचं कशाला? त्यांचं माणूस आहे ते."

"लपवत नाही हो. गाडी थांबली की सांगतेच ना मी," ती म्हणाली. "पण रस्त्यात, एवढ्याशा जागेत, सांगून काय करतील बिचारे? तोवर त्यांच्या हातात हात राहू दे. तुम्ही फक्त खड्डे चुकवा."

मग मी तसंच करायला लागलो. थाप आली की ॲक्सिलरेटरवरचा माझा पाय आपोआप वर यायचा, आणि उरलेला रस्ता आम्ही हळूहळू जायचो.

एका वर्षी रस्त्यावर खडी पडली आणि फाळका वाजायला लागला. खडखड, खडखड... आणि मोठा खड्डा आला की मध्येच एक दणका. एकदा बाळंतपणात अडलेल्या बाईला नेत होतो. तसाच दणका बसला आणि मला वाटलं, थाप. मी गाडी हळू केली. लगेच मागून अशा भराभर थापा पडल्या की पत्रा फाटतो की काय. बाई वाचली, पोरही वाचलं. पण खाली उतरल्यावर रूथनं माझी जी खरडपट्टी काढली ती दौंडच्या अख्ख्या दवाखान्यानं ऐकली. "आधी तो फाळका बघा. नाहीतर मी तुमच्या गाडीत बसणार नाही."

शिरूरच्या बशीर मिस्त्रीनं सगळे नट आवळले, बिजागऱ्यांना ग्रीस दिलं. आवाज तसाच. मग एका दुपारी मी आणि रूथ दोघंच निघालो, तळेगाव ढमढेरेच्या रस्त्यानं. आधी स्टेपनी काढून ठेवली, मग जॅक, मग स्ट्रेचर. वाजतंच. फाळक्याच्या साखळ्यांना चिंध्या गुंडाळल्या. वाजतंच. शेवटी रूथ मागं मांडी घालून बसली आणि मी चालवत असताना फाळक्यावर एकेक जागा तळहातानं दाबून बघायला लागली. फाळका अडकवायची उजवीकडची खिटी दाबली की आवाज बंद, हात काढला की सुरू. खिटी तिच्या खाचेत सैल बसत होती, एवढंच. रूथनं बॅगेतून जखमेवरची चिकटपट्टी काढली आणि खिटीला चार पदर घट्ट गुंडाळले.

"तुमच्या मिस्त्रीला सांगा," ती म्हणाली, "आमच्याकडे सगळं पट्टीनं बरं होतं."

परत येताना गाडी इतकी गप्प होती की मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. ती दुपार अजून आठवते. तिच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं आणि मी ते तिला घरी पोचेपर्यंत सांगितलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात रूथला कावीळ झाली. दुसऱ्यांची दुखणी काढता काढता स्वतःची तिनं अंगावर काढली. बरी होतेय असं वाटता वाटता एका सकाळी तिला माणसं ओळखू येईनात. मध्येच शुद्धीवर यायची, मध्येच जायची. मी गाडी काढली. माझी आई तिच्या उशाशी बसली. स्ट्रेचर आत सरकवताना रूथनं डोळे उघडले, मला ओळखलं. "आज मागं सिस्टर नाही बरं का," ती म्हणाली. "नीट चालवा."

मी जेवढी पळेल तेवढी गाडी पळवली. भर दुपार, रस्ता मोकळा. नदी ओलांडली, दौंड फार लांब राहिलं नव्हतं... आणि मागून थाप आली.

एकच. तळहाताची. जड.

माझा पाय आपोआप वर आला. मग मी स्वतःलाच म्हटलं, पट्टी सुटली असेल. फाळका वाजला असेल. देवा, फाळकाच असू दे. मी गाडी बाजूला घेतली आणि धावत मागं गेलो. खिटी गच्च बसलेली. पट्टी जशीच्या तशी. रस्त्याला तिथं खड्डासुद्धा नव्हता.

वरचं दार उचललं. फाळक्याजवळची रूथची जागा रिकामी होती. पलीकडे उशाशी आई, रूथचा हात हातात घेऊन.

"का रं थांबलास?" आई म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"फाळका वाजला, तो बघतोय."

"न्हाई बा. कायबी न्हाई वाजलं. चल बिगीनं."

मी रूथचा चेहरा पाहिला आणि मला कळलं. त्या गाडीवर एवढी वर्षं काढल्यावर ते कळायला लागतं. तोंड उघडून आईला सांगणार होतो. पण मग रूथचंच बोलणं आठवलं. मी दार खाली घेतलं, स्टिअरिंगवर बसलो आणि खड्डे चुकवत, सावकाश दौंडला गेलो. रडत होतो, पण मध्ये पत्रा होता, आईला दिसलं नाही.

पुढं बशीरला मागं बसवून मी त्याच रस्त्यानं पुन्हा पुन्हा गाडी नेली. सगळे खड्डे मुद्दाम घेतले. काही वाजलं नाही. शेवटी बशीर म्हणाला, "भाईजान, पट्टी काढून बघू का?" काढली. खडखड परत सुरू झाली, लोखंडाची, किरकिरी. ती थाप काही आली नाही. आणि रूथनं लावलेली पट्टी पुन्हा तशी चिकटलीच नाही, याचं वाईट अजून वाटतं.

ढिला नट मिळाला असता तर माझ्याइतका आनंद कुणाला झाला नसता. मिळाला नाही. कुणी म्हणतं, मनाचे खेळ. असतीलही. पण पाय वर आला तेव्हा ती गेलीय हे मला माहीत नव्हतं, तिचा हात धरून बसलेल्या आईलाही नव्हतं. मग मला कुणी सांगितलं?

आईला मी हे बोललो नव्हतो. बऱ्याच वर्षांनी, तिचं खूप वय झाल्यावर, तिनंच विचारलं, "दानू, त्या दिवशी तू मधीच गाडी हळू का केलीस रं?" तेव्हा सगळं सांगितलं.

"म्हंजी तवाच गेली व्हती," आई म्हणाली. "आन् मी येडी, काचंतनं ऊन लागून तिची झोप मोडंल म्हणून तिच्या तोंडावर पदर धरून बसले व्हते. पार दौंडपत्तूर."