साडूभाऊंचे शिडवाले

डायनासोर पृथ्वीवरून नामशेष झाले, हे शाळकरी पोरांपासून मोठमोठ्या शास्त्रज्ञांपर्यंत सगळ्यांना मान्य आहे. एक माझे साडूच काय ते मानत नाहीत. त्यांच्या हिशेबी डायनासोर विरारला राहतात, पश्चिमेला, चौथ्या मजल्यावर, आणि त्यांच्या चाऱ्याची वेळ झाली की भरल्या पंगतीतून उठून जावं लागतं. साडू हे नातंच मुळात विचित्र. दोन सख्ख्या बहिणींनी आपापल्या नशिबाने पदरात घेतलेली दोन माणसं सणासुदीला एकमेकांसमोर बसवायची आणि त्यांनी एकमेकांकडे बघून हसायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात मी साताऱ्याकडचा, तोंडाने फटकळ, आणि हे वसईकडच्या वटार गावात केळीच्या वाडीत वाढलेले, बोलायला मऊ. तरी सासरच्या अख्ख्या गोतावळ्यात माझ्यावर खरा जीव लावला तो याच माणसाने.

जन्मभर त्यांनी एका आर्किटेक्टकडे नकाशे काढले. वसईच्या वाड्या जाऊन ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या पुष्कळशांच्या भिंती आधी यांच्या पेन्सिलीतून उतरल्या. वाटण्या होऊन स्वतःची वाडी विकली गेली, तेव्हा तिथल्या इमारतीचा नकाशाही फिरत फिरत यांच्याच टेबलावर आला, आणि विहीर होती तिथे यांनी निमूटपणे लिफ्ट दाखवली. हे ते चहा पिता पिता अगदी सहज सांगतात. पुढे निवृत्तीच्या सुमाराला काचबिंदू निघाला. उजवा डोळा कळायच्या आतच गेला होता. डावा कडेकडेने मिटत चाललाय. थेंब घालत राहा, आहे ते जमेल तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. डोळ्यांवर जगलेला माणूस! दुसरा कोणी हाय खाऊन अंथरूण धरून बसला असता. यांनी पार्क काढलं.

म्हणजे कॉम्प्युटरवर. मुलगी नोकरीला हैदराबादला गेली, ती जाताना आपला कॉम्प्युटर आणि त्यातला एक गेम ठेवून गेली, बाबांचा वेळ जाईल म्हणून. त्या गेममध्ये मोठं थोरलं बेट मिळतं. तिथे कुंपणं घालायची, डायनासोर आणून सोडायचे, माणसं तिकीट काढून बघायला येतात, त्यातून पार्क वाढवायचं. आता शहाणा माणूस काय करील? दात विचकणारे, एकमेकांना फाडून खाणारे आणील, म्हणजे गर्दी होईल. साडूभाऊंनी एकही मांसाहारी ठेवला नाही. ठेवला तो एकच प्रकार. ओरानोसॉरस. बैलापेक्षा दांडगा, बदकासारखी चोच, नुसता पाला खाऊन राहणारा, आणि मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवर उभं शीड. “अर्नाळ्याच्या होड्यांना इंजिनं आली,” ते मला म्हणाले, “शीड आता बघायचं तर इथेच यायचं.” आणि असा हा शिडवाला एक नाही, कळपच्या कळप. दुसरं जनावर औषधालाही नाही.

पार्कची आखणी बघाल तर हात जोडाल. प्रत्येक गोठ्याला चारी बाजूंनी मोकळी जागा सोडलेली, वारा कुठून येणार ते बघून दार ठेवलेलं, पाण्याचं तळं उताराला. “मार्जिन सोडायला नको?” ते विचारतात. जन्मभर बिल्डरांनी त्यांच्याकडून जे मार्जिन खाऊन घेतलं, ते सगळं त्यांनी या जनावरांना परत दिलंय. बघायला येणाऱ्यांसाठी मात्र एक बाकडं नाही, खाण्याची टपरी नाही, डोक्यावर पत्रा नाही. पार्कचं नाव खाली खाली चाललंय, गेम सारखा लाल खुणा करून ओरडतोय, आणि हे शांत. “आलेत तर दुरून बघावं आणि जावं. जनावरांची झोपायची वेळ आहे.”

आमच्याकडे लाईट जाण्याचं काही कौतुक नाही, पण त्यांच्याकडे लाईट गेली की मला फोन येतो. तोही माझी चौकशी करायला नव्हे. “तुमच्याकडे आहे का हो? इथे जनावरं अडकलीत.” शेवटी त्यांनी इन्व्हर्टर घेतला आणि तो जोडला कॉम्प्युटरला. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, पदराने वारा घेत म्हणाल्या, “माणसं घामाने निथळतायत आणि म्हशींना इन्व्हर्टर!” ताई त्या जनावरांना आजतागायत म्हशीच म्हणत आल्या. एकदा एका साखरपुड्यात मुलाच्या काकांनी साडूभाऊंना विचारलं, “सध्या काय करता?” हे म्हणाले, “थोडी जनावरं बाळगलीत.” काकांना आनंद झाला. “वा! दूध किती देतात?” साडूभाऊ गंभीरपणे म्हणाले, “दूध नाही, अंडी घालतात.” काका जे उठून गेले ते जेवायलाही आमच्या पंगतीला आले नाहीत.

प्रत्येक जनावराला त्यांनी सासरच्या माणसाचं नाव दिलं होतं. दोन मेहुणे होते, आमच्या सासूबाई होत्या, आणि एक माझ्या नावाचा होता. मी विचारलं, “माझ्यात आणि त्याच्यात साम्य काय?” तर म्हणाले, “खातो, आणि मग उगाच कुंपणाकडे तोंड करून उभा राहतो.” माझी बायको इतकी हसली की मला राग यायचा तो राहूनच गेला.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. साडूभाऊ पडद्याला नाक लावून बसले होते. हल्ली ते इतक्या जवळून बघतात की पाठीमागून वाटावं, माणूस पडद्याचा वास घेतोय. “बघा, आज सगळे मजेत आहेत,” ते म्हणाले. मी बघितलं, आणि तळ्याच्या काठाला मला एक जनावर आडवं पडलेलं दिसलं. पाय ताठ, शीड जमिनीला टेकलेलं. कोपऱ्यात गेमने बारीक अक्षरांत त्याचं नाव लिहून तो गेल्याचं कळवलंही होतं, पण साडूभाऊंना कोपरे दिसायचे कधीच बंद झाले होते. नाव माझं होतं. आता स्वतः गेल्याची बातमी माणसाने कशी सांगावी? मी घसा खाकरला आणि म्हणालो, “साडूभाऊ, मी गेलोय बहुतेक.”

ते हसले. मग माझा चेहरा हसत नाही हे त्यांना आवाजावरून कळलं असावं. “कुठे?” म्हणाले. मी बोट ठेवलं. माझ्या बोटामागून ते अख्ख्या पडद्यावर डोळा फिरवत राहिले आणि त्यांना काही ते जनावर सापडेना. “आडवा पडलाय ना, म्हणून,” ते हळूच म्हणाले. “उभा असला की दिसतो. बाकीचे डायनासोर मी आणून बघितले हो पहिल्यांदा. गवतात सोडले की मला हरवायचे. याचं तेवढं शीड वर येतं, तेवढ्यावर मी ओळखतो.”

मला भडभडून आलं. इतकी वर्षं आम्ही सगळे या माणसाला हसत होतो, आणि तो बिचारा आपल्याला जे दिसतं तेवढंच राखून होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, नवीन औषधं निघतात, वगैरे. त्यांनी ऐकलंच नाही. “मरायचंच ते, वय झालं होतं,” म्हणाले. “पण तो कधी गेला ते मला कळलं नाही. उद्या एखाद्याचा चारा संपला तरी मला कळायचं नाही. वाडी विकली तेव्हा बाबांनी आमची म्हैस आधी आगाशीला ओळखीच्या घरी नेऊन दिली होती, मग सह्या केल्या. जनावर असं मागे सोडून जायचं नसतं. तुम्ही बघाल का यांचं?” मी? मला मोबाइलवर धड फोटो पाठवता येत नाही. मी मान खाली घातली, आणि मान खाली घातलेली त्यांना दिसली नाही, म्हणून तोंडाने “जमणार नाही हो” असं म्हणावं लागलं. इतकं वाईट मला क्वचितच वाटलं असेल.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. ओले हात पदराला पुसून त्या आल्या आणि म्हणाल्या, “उठा. मला बसू द्या.” आयुष्यात त्यांनी तो माऊस हातात धरला नव्हता. साडूभाऊ बाजूच्या स्टुलावर बसले. पहिल्याच झटक्यात बाईंनी कुंपणाचं दार उघडं टाकलं, मग घाबरून “अगं बाई!” करून ते लावलं. “चारा कुठे दिसतोय ते बघ आधी,” हे सांगायचे. “हिरवं आहे सगळं,” ताई म्हणायच्या. “अगं, हिरवं म्हणजे काय? उताराला बघ, तळ्याच्या डावीकडे.” “तुम्ही ओरडू नका हो, म्हशी बिचकतील.” तासभर असं चाललं होतं. साडूभाऊंचं बोट हवेत नकाशा काढत होतं आणि ताई त्या बोटाकडे न बघता पडद्याकडे बघत होत्या.

मग एकाएकी ताई पुढे वाकल्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “याच्या शिडाला कडेने तांबडी रेघ आहे. कुंकवासारखी. किती सुरेख! तुम्ही कधी बोलला नाहीत ते?”

“तांबडी आहे?” साडूभाऊंनी विचारलं. “मला आपली ती करडीच वाटत होती.”

ताईंनी माऊस तसाच धरून ठेवला. मग जनावर जवळ आणून त्या सांगायला लागल्या, की पाठ मातकट आहे, पोटाला पिवळसर आहे, मानेवर बारीक ठिपके आहेत, आणि साडूभाऊ खिडकीकडे तोंड करून ऐकत राहिले. मधूनच “आणि सासूबाईंची कशी आहे?” असं विचारत होते. मी चपला घातल्या, दार ओढून घेतलं. मी निघालो हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.